कोकमतेलाचं मलम

"यंदा मले नको माय ती डबी. फुटल्या टाचा, तं फुटू दे," जळगावची मनीषा जिन्यात पुटपुटली. का नको, ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. माझी गेल्या वर्षीची डबी कपाटात झाकणबंदच होती.

थंडी पडली की आमच्या टोकरखाड्याच्या कॉलनीत मालतीकाकूंचं मलम व्हायचं. वेंगुर्ल्याहून आणवलेले कोकमतेलाचे गोळे, खोबरेल, मधाच्या पोळ्याचं मेण. उकळत्या पाण्यात टोप ठेवून सगळं वितळवायचं आणि तो टोप नुसत्या हातांनी उचलून शेजाऱ्यांसाठी डब्या भरायच्या. फडकं नाही, सांडशी नाही. "आमच्या हिला चटका बसत नाही," जयवंतराव पाहुण्यांना सांगत. कचेरीत जन्म गेलेल्या माणसाकडे बढाई मारायला तेवढंच होतं.

मनगटावरचा फिकट डाग म्हणजे कोरडेपणा, असं म्हणत काकू दोन वर्षं त्यावर कोकमतेल चोळत होत्या. करंगळी वाकली, तेव्हा तो वात ठरला. आम्ही माना डोलावल्या. मी शिक्षिका. तसल्याच डागाचं चित्र माझ्या शाळेच्या भिंतीवरच्या आरोग्य-फलकावर आहे. रोज त्याच्याखालून जाते.

त्या दिवशी काकूंकडे गेले, तर जयवंतराव स्वयंपाकघरातच होते आणि ओट्यावर वीस डब्या मांडलेल्या.

"मनीषा नाय आली?" भरलेली पहिली डबी माझ्यापुढे सरकवत काकू म्हणाल्या. "गेल्या साली वीस पुरल्या नव्हत्या गो."

"तिला बरं नाही," मी म्हटलं. खोटं बोलायला आता विचारही करावा लागत नव्हता.

त्यांनी पुन्हा टोप उचलला. वाकड्या बोटांतून तो कलंडला आणि कढत मेण मनगटावरून तळव्यापर्यंत ओघळलं. काकू कुरकुरत ते नखानं सोलू लागल्या. खालची कातडीही निघून येत होती.

"दोन डब्यांचं फुकट गेलं," त्या म्हणाल्या. मग आमच्याकडे पाहिलं. "काय झालं तुम्हांला?"

जयवंतरावांनी गॅस बंद केला. काकूंचा हात आपल्या हातात घेऊन नळाखाली धरला.

"बाई," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "शाळेत मुलांना सांगता ना, ते हिलाही सांगा. माझ्याच्यानं होत नाही."

"काकू," मी म्हटलं, "तो कोरडेपणा नाही. महारोग आहे."

काकूंनी दुसऱ्या हातानं माझ्यापुढची डबी हळूच आपल्याकडे ओढून घेतली.