सात मुठींची कोठीवाली

एका गवंड्याच्या टाचेत खिळा घुसला, म्हणून माझा जन्म झाला. हसू नका. खिळा उपसून गवंडी दोन दिवस "काही होत नाही" म्हणत तसाच शिडीवर चढला. तिसऱ्या दिवशी टाच टम्म सुजली, अंगात ताप भरला आणि त्याच्या यकृतात तातडीचा हुकूम आला: कोठीवाल्या भरा, ताबडतोब! दुपारपर्यंत आम्ही हजारो जणी कामाला लागलो. सगळ्या एका साच्यातल्या. हजेरी घ्यायची सोय नाही, कारण एकीला हाक मारली की सगळ्याच ओ देतात.

माझं खरं नाव मेटॅलोथायोनिन. पण ते उच्चारून होईपर्यंत ताप उतरेल, म्हणून सगळे मला कोठीवाली म्हणतात. मी एक प्रथिन आहे. बोटं वीस, मुठी सात. हिशेब जुळत नाही ना? आम्ही काही बोटं शेजारच्या मुठीलाही लावतो, अडलं कुठे? प्रत्येक मुठीत जस्ताचा एक कण. रक्तातलं जस्त खिडकीतून आत आलं की मुठीत आवळायचं आणि कुणी कितीही गयावया केली तरी सोडायचं नाही, एवढंच माझं काम. कारण टाचेतल्या जंतूंनाही वाढायला जस्तच लागतं. ते मेले उपाशी मरावेत म्हणून सगळ्या अंगानं पोटाला चिमटा काढायचा.

नेमणूकपत्रात मुदतीच्या रकान्यात लिहिलं होतं, "मुठी रिकाम्या होईपर्यंत". मी बिनघोर सही ठोकली. आपल्या मुठी, आपण कशाला उघडतोय! मग दाराशी पोतं घेऊन बसलेला भंगारवाला दिसला.

"तुझं काय काम इथे?" मी विचारलं.

"रिकाम्या हातांची कोठीवाली मोडायची असते, बाई," तो म्हणाला. "पण घाई नाही. तुमचं चालू द्या."

इतका नम्र की त्याचा धड रागही येईना.

चार दिवस नुसती धुमाळी. खिडकीबाहेर ही रांग! जिभेकडून निरोप आला, चव लागत नाही. केसांच्या मुळांनी लेखी तक्रार दिली, तीन प्रतींत. दोन जंतूसुद्धा गरीब चेहरा करून आले, "ताई, एखादा कण..." म्हणत. मी म्हटलं, तोंड बघा आरशात. सगळ्यांना माझं एकच उत्तर होतं, ताप उतरू दे, मग या.

पाचव्या दिवशी ताप उतरला. जंतूंचा निकाल लागला आणि दुसरा हुकूम आला: जस्त सोडा. माझ्या बहिणींनी भराभर मुठी उघडल्या, आणि भंगारवाला एकेकीला मोडून अदबीनं पोत्यात घालू लागला. माझी पाचावर धारण बसली.

"अजून ताप आहे," मी म्हटलं.

तो थर्मामीटर घेऊन आला. मी म्हटलं, तुझ्या यंत्रावर माझा विश्वास नाही. "बरं," म्हणून तो परत जाऊन बसला.

तेवढ्यात खिडकीशी शिंपीण आली. टाचेची जखम शिवते ती, आणि जस्ताशिवाय तिचा हात चालत नाही.

"दे गं बाई. अर्धी जखम उघडी आहे."

"दुसऱ्या कुणाकडे माग."

"बाकीच्या सगळ्या पोत्यात गेल्या. तूच उरलीस."

"म्हणजे मीही जाऊ? तुझे टाके होतील, माझा जीव जाईल!"

तिनं रिकामी सुई पुढे धरली. मग मीच तीन मुठी उघडल्या. चार मुठींवर जगता येतं, कसंबसं. पण ती थोड्या वेळानं परत हजर. पुरलं नाही म्हणे. आणखी एक दिला. मग आणखी एक, मग आणखी. दर खेपेला भंगारवाला अर्धवट उठायचा, माझ्याकडे बघायचा आणि पुन्हा बसायचा.

शेवटी एकच मूठ राहिली. बाहेरून गवंड्याचा आवाज आला, "उद्या कामावर जातो."

"टाच उघडी ठेवून?" त्याची बायको कडाडली. "पुन्हा पिकली तर पाय कापतील! अक्कल गहाण टाकलीय का?"

"भिंत अर्धी राहिलीय गं."

ऐकणार नव्हता तो. पाच दिवसांत मी त्याला पुरता ओळखला होता. अस्सा राग आला! आणि भीतीही वाटली, खोटं कशाला बोलू. थोडं रडून घेतलं. शिंपीण खिडकीबाहेर तशीच उभी होती. या खेपेला तिनं मागितलंसुद्धा नाही.

मी हात खिडकीतून बाहेर काढला. "धर. आणि टाके बारीक घाल. सगळा भार टाचेवर देऊन चालतो मेला."

भंगारवाला पोतं उघडून उठला.

"थांब रे जरा," मी म्हटलं, "तिला आधी सुई तरी ओवू दे."