चार हजार बाळांचं स्थलांतर

ऑफिसात माणसं तीनच. एक मालक आणि दोघी जावा. लोकांच्या वेबसाइट आपल्या मशीनवर ठेवायच्या आणि त्या बंद पडू द्यायच्या नाहीत, हा त्यांचा धंदा. थोरली जाऊ मशीन सांभाळायची, धाकटी फोन. एकाच इमारतीत वर-खाली राहून, एकाच बसने येऊन, दिवसभर एकाच खोलीत बसून या दोघींचं पटतं कसं, याचं गिऱ्हाइकांना नवल वाटे. "भांडायला वेळ कुठंय?" धाकटी सांगायची.

त्या दिवसांत तर खरंच नव्हता. अकरा वर्षं चाललेल्या मशीनवरची सिस्टिम आता इतकी जुनी झाली होती की बनवणाऱ्यांनीच तिच्यातून अंग काढून घेतलं होतं. एका ठरलेल्या तारखेनंतर तिच्या सुरक्षेला भोक पडलं तरी बुजवायला कोणी येणार नव्हतं. मालकांनी नवं मशीन आणलं, त्यावर नवी सिस्टिम चढवली आणि थोरलीला म्हणाले, "बाई, काही नाही हो. इथलं उचलायचं आणि तिथं ठेवायचं."

इथलं म्हणजे तीनशे चाळीस गिऱ्हाइकांची खाती.  'काही नाही हो'ला उत्तर देणं थोरलीनं कधीच सोडून दिलं होतं.

रोज दहा खाती असा हिशेब बसला. खातं उतरवून घ्यायचं, नव्या मशीनवर चढवायचं, पान उघडून बघायचं, साइटचा पत्ता नव्या मशीनकडे वळवायचा, गिऱ्हाइकाला कळवायचं. पंधरा दिवस जुनी प्रत ठेवायची, मग पुसायची. एकेक काम वीस मिनिटांचं, पण दर तिसऱ्या खात्यात काहीतरी अडायचं. कुणाचा फॉर्म चालेना, कुणाची टपालपेटी रिकामी दिसे. एका पडदेवाल्यानं तक्रार केली की जागा बदलल्यापासून साइटचा निळा रंग फिका पडलाय. एका बाईंनी विचारलं, सामान हलवताना त्यांनी स्वतः हजर राहायला हवं का. धाकटी त्यांना म्हणाली, "नको, आम्ही जपून नेतो. काचेचं काही असेल तर सांगा." थोरलीला हसू आलं असतं, पण गालांना तेवढेही कष्ट नको होते.

घरी वेगळं नव्हतं. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, आणि जिन्यावरून पडून पाय मोडून घेतलेला. इमारतभर हा विनोद फिरून जुना झाला होता. प्लास्टर निघायला महिना होता. सकाळी त्याची अंघोळ, स्वयंपाक, हाताशी पाण्याची बाटली, मग बस. संध्याकाळी तेच उलट क्रमानं. "तू दमलीस," तो म्हणायचा. "हो," ती म्हणायची, आणि कपड्यांच्या घड्या घालायला बसायची.

पाचव्या आठवड्यातल्या मंगळवारी, अकराच्या सुमारास, धाकटीनं फोनवर हात ठेवून मान वळवली.

"ताई, एक आजी आहेत. म्हणतात, माझी मुलं सगळी प्रश्नचिन्हं झालीत."

थोरलीनं फोन घेतला. पलीकडचा आवाज म्हातारा होता, पण कापरा नव्हता.

"मी सिस्टर बोलतेय. प्रसूतिगृहात होते, अडतीस वर्षं. माझ्या हातून झालेल्या बाळांची यादी तुमच्याकडे असते. मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं म्हणून तीन आठवडे मुलीकडे होते. आज उघडली, तर नुसती प्रश्नचिन्हं. आधी वाटलं, डोळाच बिघडला. शेजारणीला दाखवलं. तिलाही तेच दिसतंय."

थोरलीनं खातं उघडलं. पहिलं पान ठीक होतं, कारण ते एक चित्र होतं: बाळाची मूठ, आणि वर यादीचं नाव. तिला तो दिवस आठवला. बुधवार होता, दहापैकी नववं खातं, डोळ्यांवर झापड. मूठ दिसली, तिनं खूण केली आणि पुढच्याला हात घातला. आत तिनं पाहिलंच नव्हतं. आता तिनं आतलं पान उघडलं. तारखा होत्या, वजनं होती, आकडे सगळे जागच्या जागी. पण प्रत्येक आकड्यापुढे, जिथं शब्द असायला हवेत, तिथं प्रश्नचिन्हांची रांग. खाली, खाली, आणखी खाली. चार हजार एकशे सहा ओळी.

 ही साइट फार जुनी, अक्षरं साठवायची तिची रीतही जुनी. उतरवून घेताना ते सांगायचं राहिलं, आणि नव्या सिस्टिमला जे अक्षर ओळखता आलं नाही, त्याच्या जागी तिनं प्रश्नचिन्ह ठेवून दिलं. एकदा असं झालं की प्रश्नचिन्हातून अक्षर परत काढता येत नाही. जुन्या मशीनवरची प्रत पाहिजे. ती तिनंच पाच दिवसांपूर्वी पुसली होती, नियमाप्रमाणे.

"सिस्टर, मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या," ती म्हणाली.

"हरवलीत का?" सिस्टरनं सरळ विचारलं.

"माहीत नाही अजून."

मालकांनी ऐकून डोकं धरलं. "सांगा त्यांना, नव्या सिस्टिमला जुनी साइट झेपली नाही. खोटं काय त्यात?"

"मी आत बघितलं नाही, हे खरंय," थोरली म्हणाली.

"तेवढं कशाला सांगायला हवं?"

थोरली उठली. ती आणि धाकटी कपाटं उपसायला लागल्या. वायरींची भेंडोळी, जुने कीबोर्ड, कसल्याकसल्या डब्या. आठ महिन्यांपूर्वी जुनं मशीन घरघरायला लागलं, तेव्हा घाबरून मालकांनी सगळ्याची एक प्रत सुट्या डिस्कवर काढली होती, एवढं थोरलीला आठवत होतं. डिस्क कुठं गेली, ते कुणालाच आठवत नव्हतं. दुपारी तीन वाजता धाकटीनं ती खिडकीच्या फळीखालून ओढून काढली. खिडकी हलू नये म्हणून कुणीतरी तिचीच पाचर मारली होती.

"कुणी केलं हे?" धाकटीनं विचारलं.

मालक खिडकीबाहेर बघू लागले.

डिस्क चालली. थोरलीनं या वेळी अक्षरांची रीत सांगून माहिती उतरवली आणि एकेक पान उघडून वाचलं. शब्द होते. *गवंड्याची दुसरी, पायाळू, आई धीराची. जुळी, धाकटा आधी रडला. बाप दारात चक्कर येऊन पडला, त्यालाच चार टाके.* थोरली वाचत गेली. गेल्या पाच आठवड्यांत आपण काय उचलून कुठं ठेवतोय, हे तिनं पहिल्यांदाच वाचलं होतं.

पण ओळी तीन हजार आठशे चौऱ्याण्णवच होत्या. डिस्कवरची प्रत निघाल्यानंतरच्या आठ महिन्यांत सिस्टरनं भरलेल्या दोनशे बारा ओळींतले शब्द कुठंच नव्हते.

संध्याकाळी ती घरी गेली नाही. धाकटीला म्हणाली, "घरी ह्यांना वाढशील?" आणि सिस्टरच्या पत्त्यावर निघाली. उजेड अजून होता. तिसरा मजला, लिफ्ट नाही. दार उघडलं ते डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेल्या, काटकुळ्या बाईंनी. वय ऐंशीच्या पुढे.

थोरलीनं चप्पल काढायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. "दोनशे बारा ओळींतले शब्द गेले. चूक सिस्टिमची नाही, माझी आहे. मी पहिलं पान बघितलं आणि आत न बघता पुढे गेले. फार थकले होते. पण ते कारण नाही झालं."

सिस्टरनी दार पूर्ण उघडलं. मग म्हणाल्या, "आत ये. उंबऱ्यात कसली कबुली देतेस?"

खोली लहान. पलंग, टेबल, आणि भिंतीला लागून पुठ्ठ्याचं एक खोकं. खोक्यात वह्या.

"जुन्या वह्यांना बुरशी लागली होती. एकेक तुमच्या यादीत भरून झाली की फेकत होते," सिस्टर म्हणाल्या. "शेवटच्या काही ठेवल्यात. डोळ्याचं निघालं म्हणून फेकायच्या राहिल्या. पण त्यात दोनशे बारा सगळ्या आहेत का, ते मला आता दिसत नाही."

थोरलीनं खाली बसून वह्या मोजल्या, तारखा लावून बघितल्या. एकशे नव्वद ओळी निघाल्या. बावीस फेकलेल्या वहीत गेल्या होत्या.

"रागवा माझ्यावर," ती म्हणाली.

"रागावलेच आहे," सिस्टर म्हणाल्या. "ती बावीस माणसं आज कुठंतरी नोकऱ्या करत असतील. त्यांतलं कुणी उद्या विचारलं, मी झाले तेव्हा आई कशी होती, तर काय सांगू?" मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "आम्हाला सलग दोन पाळ्या झाल्या की इंजेक्शन भरू देत नसत. भरलंच तर दुसरीनं वाचायचं. मोठ्यानं. तुमच्यात दुसरी कोण वाचते?"

"कोणी नाही."

"मग कसं चालेल?"

दुसऱ्या दिवशी थोरली मालकांच्या टेबलापुढे उभी राहिली आणि बसली नाही. हलवलेली सगळी खाती पुन्हा आतून तपासायची, आणि इथून पुढे तिनं हलवलेलं प्रत्येक खातं धाकटी उघडून वाचेल, तोपर्यंत जुनी प्रत पुसायची नाही. "रोज दहा होणार नाहीत. सहा होतील."

"तारीख उलटेल, बाई."

"उलटू दे. त्या मशीनमध्ये बाहेरून कोणी शिरणार नाही असं कुलूप लावते, माझं मी बघते."

मालकांनी हात टेकले. तपासणीत आणखी एकच खातं प्रश्नचिन्हांचं निघालं, एका छापखान्याचं, आणि त्याची जुनी प्रत सुदैवानं पुसायची राहिली होती. धाकटीचा जीव भांड्यात पडला. फोन घेता घेता ती इतकं वाचू लागली की पडद्यांच्या जाती तिला तोंडपाठ झाल्या. तारीख नऊ दिवसांनी उलटली. काही झालं नाही. शेवटचं खातं हललं, तेव्हा थोरलीला आनंद वगैरे काही झाला नाही. तिनं जुनं मशीन बंद केलं, त्याचा आवाज थांबला, आणि खोलीत किती आवाज होता ते तिघांनाही तेव्हा कळलं.

रविवारी मात्र ती सिस्टरकडे जात राहिली. सिस्टर एका डोळ्यानं, भिंग धरून वाचायच्या, थोरली टाइप करायची, आणि मग पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवायची. बावीसपैकी सात सिस्टरना आठवल्या. एका बाळाच्या कानाला खाच होती म्हणून, एकीची आई रात्रभर शिव्या देत होती म्हणून. उरलेल्या पंधरा ओळींत त्यांनी तारीख आणि वजनापुढे स्वतःच सांगून लिहवून घेतलं: *आठवत नाही.*

चौथ्या रविवारी दुपारी सिस्टर चहा ठेवायला आत गेल्या. परत आल्या तेव्हा थोरली खुर्चीत, हात कीबोर्डवर तसेच ठेवून झोपली होती. तोंड किंचित उघडं. सिस्टरनी चहावर झाकण ठेवलं, टेबल न हलवता वही ओढून घेतली आणि पुढची ओळ भिंगाखाली धरली.

थोरलीचा फोन थरथरला. सिस्टरनी उचलला.

"कोण बोलतंय?" नवऱ्यानं विचारलं. "ती आहे ना तिथं? सहा वाजत आले."

"झोपलीय," सिस्टर म्हणाल्या. "पायाचं कसं आहे?"

"प्लास्टर निघालं. चालतोय."

"मग आज स्वयंपाक तुम्ही करा," सिस्टर म्हणाल्या आणि फोन पालथा घालून ठेवला.