मागून की पुढून

खुब्याचा सांधा बदलायचं ठरलं आणि घरातले सगळेच डॉक्टर झाले. थोरला म्हणे मागून कापलेलं बरं, सून म्हणे पुढून. पुढून केलं तर स्नायू कापत नाहीत, नुसते बाजूला सारतात, असं तिनं कुठेसं वाचलं होतं. मला काळजी एकच. चाळीस वर्षं मी दुकानात जमिनीवर बसून कापड बेतते. मला खुर्चीत शोभेची बाहुली करून बसवणार असाल, तर दुखतंय तेच बरं.

डॉक्टर म्हणाले, दोन्ही वाटा चांगल्या, वर्षभरानं फरक फारसा उरत नाही. त्यांचा हात मागच्या वाटेवर बसलेला; पुढून हवं तर दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवतो. कुठूनही केलं तरी जमिनीवरची बैठक मात्र सोडा.

हात बसलाय म्हणणारे मी ढीगभर पाहिलेत. शिवण बघितल्याशिवाय मी कारागीर ठेवत नाही. व्यायामाच्या खोलीत एक शिक्षिकाबाई काठी घेऊन चालत होत्या, याच डॉक्टरांनी सांधा बदललेल्या. त्यांना पडद्याआड नेऊन व्रण दाखवा म्हटलं. भली बाई, दाखवला. सुबक टाका, कुठे चुणी नाही. बाहेर येऊन डॉक्टरांना सांगितलं, पसंत आहात.

ते हसले. "आजी, वरची शिवण माझी सहायक घालते. माझं काम आत. ते तुम्हाला दिसायचं नाही."

सुनेनं तोंड फिरवून हसून घेतलं. आमच्याकडे गुंड्यांची काजं सून करते, पण गिऱ्हाइकानं वाखाणली की मान मी डोलावते. या माणसानं तर फुकटचं कौतुक परत केलं. तो आत कच्चा टाका घालायचा नाही.

"मागूनच करा," मी म्हटलं.

"आई, मग उंच टेबल करून घेऊ," सून म्हणाली.

उभ्यानं बेततो तो कसला शिंपी, हे मीच तिला दहादा ऐकवलेलं. तरी हो म्हटलं.

ऑपरेशनला चार महिने झाले. उभ्यानं हात लांब पोचतो, कापड पुरतं नजरेत राहतं. हे सुनेला सांगायची मला घाई नाही. काल एकटीनं कोट बेतायला घेतला, कात्री कुठे अडली नाही. सून म्हणाली, आता बसा जरा.

म्हटलं, बस तू. माझ्या अजून बाह्या बेतायच्या राहिल्यात.