घेणाऱ्याची सही

उकंडाबाने डाव्या हाताने भिंतीवरची तसबीर उतरवली, धोतराच्या सोग्याने काच पुसली आणि ती धर्मपालच्या मांडीवर ठेवली. उजवा हात मागच्या वर्षीच्या लकव्यापासून कामातून गेला होता.

"घे. पाह्य, एक डाग नाही."

खरंच नव्हता. नागपूरचे भगवानराव पुढे सरकले. चित्रं जमवण्याचं त्यांना वेड, आणि धर्मपालने छापलेल्या या बुद्धाच्या स्क्रीन प्रिंटसाठी बाभुळगावातलं हे त्यांचं तिसरं घर होतं. पहिल्या घरी चित्र भिंतीला खळीने चिकटवलेलं, दुसऱ्या घरी चुलीच्या धुराने चेहरा काळवंडलेला. इथे मात्र तिन्ही रंग जसेच्या तसे होते, आणि उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने सही: धर्मपाल, १९५७.

"मुंबईच्या प्रदर्शनात लावतो हे," भगवानराव म्हणाले. "चित्रकार म्हणून तुमचं नाव लागेल. पण सही हवीच, त्याशिवाय जाणकार ढुंकून बघत नाहीत."

धर्मपालच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आठ वर्षं तो दुकानांच्या पाट्या रंगवत होता. चित्रकार असं त्याला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

"आणि ही डावीकडे कुणाची?"

डाव्या कोपऱ्यात वेडीवाकडी, एकमेकांवर रेललेली अक्षरं होती: उकंडा.

धर्मपालला हसू आलं. दीक्षेनंतरच्या वर्षी त्याने रेशमी जाळीच्या चौकटीतून चाळीस प्रती छापल्या आणि वस्तीत घरोघर दिल्या. नवं नाव घेतलेलं, ते लिहायची हौस दांडगी. प्रत्येक प्रतीवर सही ठोकली. उकंडाबा तेव्हा पन्नाशीत नुकताच सही करायला शिकलेला. कचेरीच्या कागदावर देणाराही सही करतो आणि घेणाराही, एवढं त्याला पक्कं ठाऊक. 'देणाऱ्याची झाली, मंग घेणाऱ्याची नको?' म्हणत त्याने पेन्सिल ओढून घेतली. त्याचं पाहून चाळीसही घरांनी आपापली नावं लिहिली. चित्रांचा सत्यानाश झाला म्हणून धर्मपाल दोन दिवस कुणाशी धड बोलला नव्हता.

"पेन्सिलच आहे," भगवानरावांनी खिशातून रबर काढलं. "एवढं नाव खोडलं की झालं."

"खोडा नं मंग," उकंडाबा म्हणाला. "धर्मपालचं नाव मुंबईले जाऊन राह्यलं, माह्या नावाचं काय घेऊन बसले?"

"बा, तुमच्या हातची सही हाये ते."

"आता कायची सही? परवा सोसायटीत गेलतो, तं पुन्हा आंगठाच लावला." तो हसला, पण डावा हात उजव्या हातावरून फिरत राहिला. "तू काहून थांबला? देल्लं म्हंजे देल्लं. मी वापस घेत नसतो."

नाही म्हटलं तर म्हातारा तसबीर डोक्यावर घेऊन घरी आणून देईल, हे धर्मपालला माहीत होतं. मुंबई त्यालाही हवी होती, अगदी मनापासून. त्याने मागचे खिळे उचकटले, कागद बाहेर काढून गुडघ्यावर धरला आणि खाली मान घालून रबर चालवलं.

"अहो, हे काय केलंत!" भगवानराव ओरडले.

उजवा कोपरा कोरा झाला होता.

"चुकलो," धर्मपाल म्हणाला.

"मग करा परत सही. ही घ्या पेन्सिल."

"सत्तावन सालची सही आज कशी करू, साहेब? खोटी होईन."

भगवानरावांनी त्याच्याकडे पाहिलं. मग म्हाताऱ्याच्या लुळ्या हाताकडे पाहिलं, पेन्सिल खिशात ठेवली आणि चपला घालायला उठले.

उकंडाबा मात्र चांगलाच तापला. "येवढा पेंटर झाला, अन् डावं-उजवं समजत नाही तुले! आलेली मुंबई घालवली नं!"

"घालवली, बा." धर्मपालने कागद पुन्हा काचेमागे बसवला, खिळे दाबले आणि तसबीर घेऊन भिंतीपाशी गेला.

म्हातारा मागे येऊन उभा राहिला. काचेजवळ डोळे नेऊन त्याने डावा कोपरा पाहिला. बराच वेळ पाहिला.

"जरासं खालती टांगजो," तो म्हणाला. "मले वाचता आलं पाह्यजे."