तहानलेलं पिंप

आजोबांची बंद पडलेली वाइनरी ताईने हट्टाने पुन्हा उभी केली. पण त्यांच्या जुन्या लाकडी पिंपात पाणी भरलं, तर फळ्याफळ्यांतून धारा लागल्या.

"चाळणीत पाणी भरतेस होय?" धाकटा भाऊ खो खो हसला. "स्टीलची टाकी आण मुकाट्याने."

"तू तोंड आवर! वाळलेलं लाकूड आहे, पिऊ दे त्याला," म्हणत ती रोज पाणी ओतत राहिली.

एका सकाळी तळघराची फरशी कोरडी ठणठणीत! लाकूड फुगून फटी बुजल्या होत्या. पाणी काढून ताईने त्यात वाइन मुरवली.

पहिली बाटली उघडली, तेव्हा भावाने पुन्हा पुन्हा पेला पुढे केला. त्याची बायको डोळे वटारू लागली.

"पिऊ दे गं," ताई पेला भरत म्हणाली, "वाळलेलं लाकूडच ते!"