अंगाऱ्यानं हिरवं झालेलं कुलूप

तीर्थपुरीच्या बाजारात, बियाण्याच्या दुकानावरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. संगणकाला झेंडूचा हार, कळफलकावर हळद, आणि समोर मांडी ठोकून मच्छिंद्र महाराज. गालात तंबाखू, नजर ब्रह्मांडात.

विहिरीची मोटार फोनवरून चालवायचं ॲप इथं बनत होतं. बिल्ड टूल ॲपचा एकेक भाग बांधायचं आणि पडद्यावर दाखवायचं: बांधला तर हिरवा, अडला तर लाल. 'कुलूप' हा भाग लालच राहत होता. माणूस विहिरीत असताना मोटार सुरू होऊ नये, म्हणून ते कुलूप.

"यंत्रात आत्मा अडकलाय, तीन पिढ्यांचा!" महाराज गरजले.

संगणक गेल्या दिवाळीचा. पिढ्या कुठून आल्या, कुणी विचारलं नाही.

अंगारा उडाला. दुकानाचा मालक रामप्रसादचा मेव्हणा कल्याण, महाराजांचा पट्टशिष्य, 'मंत्र' म्हणून काहीतरी टाइप करून मोकळा झाला. कुलूप हिरवं! नारळ फुटले.

"पहिलं ॲप चतुराबाईच्या विहिरीवर!" रामप्रसाद म्हणाला.

"बरं झालं," गर्दीतली चतुराबाई हरखली. "माझा लेक संपत उद्या गाळ काढायला उतरून राह्यलाय."

ॲप लिहिणारी आसिफा चरकली. "भाऊ, मी चूक दुरुस्त केलीच न्हाई. मंग हिरवं झालं कसं?"

"श्रद्धा पायजे, आसिफाताई," कल्याण हसला.

"ती ऱ्हाऊ द्या. टाइप काय केलं ते बघू."

पडद्यावर कल्याणचा हुकूम तसाच होता: कुलूप वगळ. टूलची खोडच तशी, वगळलेला भागही हिरवा दाखवायचा. अडला नाही ना, मग झाला! तव्यावर टाकलीच नाही ती भाकर करपेल कशी?

आसिफानं टूलमधली ती खोडच काढली. वगळलेल्या भागाला राखेचा रंग दिला.

"महाराज, करा आता चमत्कार. बिलकुल तसाच."

अंगारा उडाला. कल्याणनं तोच हुकूम टाइप केला. पडद्यावर राखाडी अक्षरं उमटली: कुलूप – वगळलं, बांधलेलं नाही.

"दिशा चुकली..." महाराज चपला शोधू लागले.

"मेल्या!" चतुराबाई आडवी आली. "लेकरू गाळात असताना वर मोटार फिरली असती, तर कुठं लावला असता अंगारा?"

दुसऱ्या दिवशी तिनं मोटारीचा फ्यूज काढून कनवटीला खोचला, मगच संपतला उतरू दिलं. काठावर बसून गुणगुणली:

हिरव्या रंगाला भुलू नको सई,
पेरल्यावाचून शिवार न्हाई.

बाबांनो, बायांनो, पडदा हिरवा झाला की हात जोडू नका. आधी विचारा, काम केलं कुणी? उत्तर मिळेपर्यंत फ्यूज कनवटीलाच असू द्या.