तीन सिगारांचा वाटा

क्यूबातल्या रेमेदिओस गावच्या कारखान्याने यंत्रावर वळलेला तो स्वस्तातला सिगार बंद केला आणि यंत्र भंगारात काढलं. म्हणून यंदा स्मृतिदिनाला एउलालियाने त्याच यंत्रावर राबलेल्या, मेलेल्या नवऱ्याच्या फोटोपुढे पाणी, कॉफी आणि हाताने वळलेला महागडा सिगार ठेवला.

"जिवंतपणी कधी एवढे लाड केले नाहीस गं!" शेजारची निएवेस हसली.

संध्याकाळी पाचला, कारखाना सुटायच्या वेळी, घरभर तंबाखूचा वास सुटला. महागडा सिगार जमिनीवर भिरकावलेला होता. फोटोपुढे तेच बंद झालेले स्वस्तातले सिगार होते, डिंक अजून ओला.

"कारखान्यात पाळी सुटली की कामगारांना माणशी तीनच द्यायचे ना?" निएवेसने ते मोजले. "मग हे सहा कसे?"

एउलालियाने त्यातले तीन उचलून आपल्यापुढे ठेवले.

"मीही त्याच्यासोबत त्याच यंत्रावर होते. आज माझीही हजेरी लागली."